कमिशनवरची विमाविक्री आणि मुलाखतीतला कोरा कागद

वाचकांचे प्रश्न : नोकरी आणि व्यवसाय

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे विमा कंपनीतील विक्रीच्या कामाविषयी आहेत, आणि त्यांतही पगार नसलेल्या, केवळ कमिशनवर चालणाऱ्या कामाच्या मुलाखतीविषयी. या क्षेत्रात मी आधी विमा प्रतिनिधी म्हणून आणि पुढे नव्या प्रतिनिधींची भरती करणारा अधिकारी म्हणून काम केले आहे, त्यामुळे मुलाखतीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना मी बसलो आहे. म्हणून या वेळची सगळी जागा चार निवडक पत्रांना दिली आहे.

प्रश्न : माझे वय ४३ आहे. एका कंपनीच्या हिशेब विभागात मी १६ वर्षे काम केले. तो विभागच बंद झाल्यामुळे पाच महिन्यांपासून घरी आहे. एका विमा कंपनीतून फोन आला असून पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे. पगार नाही, पहिल्या दिवसापासून कमिशन, आणि ‘उत्पन्नाला मर्यादा नाही’ असे सांगण्यात आले. मुलाखतीला येताना ओळखीच्या शंभर माणसांची यादी करून आणा, असेही सांगितले आहे. तयारी कशी करावी? मी कोणते प्रश्न विचारले तर ते उद्धटपणाचे वाटणार नाहीत? आणि ती यादी न्यावी का? — एक वाचक

उत्तर : यादीपासूनच सुरुवात करतो, कारण तुमचे पत्र वाचताना माझे मन तिथेच अडकले.

भरतीचे काम करत असताना असा एक कागद मी स्वतः उमेदवारांसमोर ठेवत असे. त्यावर एक ते शंभर आकडे छापलेले असत आणि पुढे रकाने : नाव, वय, नाते, मुले किती, मिळकत अंदाजे किती. पहिली पंधरा-वीस नावे माणूस भराभर लिहितो. मामा, मावशी, आत्येभाऊ, शेजारी, जुन्या नोकरीतले सहकारी. तिसाच्या पुढे पेन अडखळू लागते. एकदा एका तरुणीने चौतिसाव्या ओळीवर आपल्या शाळेतल्या निवृत्त बाईंचे नाव लिहिले, त्याकडे थोडा वेळ पाहिले आणि मला विचारले, “बाईंना मागेपुढे कोणी नाही. त्यांना आयुर्विम्याची गरज नाही ना, मग नाव लिहू का?” मी म्हणालो, “लिहून ठेवा, गरजेचे नंतर पाहू.” पुढे त्या बाईंनी विद्यार्थिनीच्या भिडेखातर पॉलिसी घेतली आणि दुसऱ्या वर्षाचा हप्ता भरला नाही. पहिला हप्ता बुडाला, आणि त्या मुलीचे बाईंकडे जाणे-येणेही थांबले. ते वाक्य मी बोलायला नको होते. त्यानंतर काही महिन्यांनी मुलाखतीत तो कागद पुढे करणे मी बंद केले.

कंपनी असा कागद का मागते, हे समजून घेतले तर बाकीच्या प्रश्नांची उत्तरे सोपी होतील. पगारी नोकरीत चुकीचा माणूस निवडला गेला तर दर महिन्याला त्याचा पगार कंपनीच्या अंगावर पडतो, म्हणून तिथे उमेदवाराची कसून पारख होते. केवळ कमिशनवरच्या कामात हा भार तुमच्यावर असतो. तुम्ही काहीच विकले नाही, तर कंपनीला प्रशिक्षणाच्या थोड्याफार खर्चापलीकडे तोशीस पडत नाही; आणि पाच-सात नातेवाइकांना पॉलिसी देऊन तुम्ही निघून गेलात, तरी त्या पॉलिसी कंपनीकडेच राहतात. शिवाय मुलाखत घेणाऱ्या व्यवस्थापकाला बहुतेक ठिकाणी त्याने घेतलेल्या माणसांच्या विक्रीवर वेगळा मोबदला मिळतो, आणि भरतीचेही टार्गेट असते. तेव्हा अशा मुलाखतीत निवड होणे ही मुळातच अवघड गोष्ट नाही. तुमच्या तयारीचा मोठा भाग निवड कशी होईल यापेक्षा हे काम पत्करावे की नाही, हे ठरवण्यासाठी खर्ची पडला पाहिजे.

यादी घरी जरूर करा, पण ती स्वतःसाठी. ज्या माणसाच्या कमाईवर दुसरे कोणी अवलंबून आहे, लहान मुले आहेत किंवा डोक्यावर मोठे कर्ज आहे, आणि त्यामानाने विमा तोकडा आहे, अशाच नावांपुढे खूण करा. खुणा किती होतात ते पाहा. शंभरांत आठ-दहा झाल्या, तर तुमचा ओळखीतला धंदा काही महिन्यांत आटोपेल आणि पुढे अनोळखी माणसांच्या दारात जावे लागेल, हे आजच कळेल. मुलाखतीत मात्र इतकेच सांगा की, काम पत्करून परवाना हाती आल्यावर गरज पाहून यादी करीन; लोकांची वये आणि मिळकत त्यांच्या परवानगीवाचून कागदावर लिहून देणे मला योग्य वाटत नाही. यावर नाक मुरडणाऱ्या कार्यालयात न गेलेले बरे.

आता पैशांविषयी. तुम्ही हिशेबातले आहात, त्यामुळे हा भाग तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर समजेल. जीवन विम्यात सामान्यतः पहिल्या वर्षीच्या हप्त्यावर मोठे कमिशन आणि पुढच्या वर्षांच्या हप्त्यांवर लहान कमिशन अशी रचना असते, कारण प्रतिनिधीचे श्रम सुरुवातीलाच सर्वांत जास्त होतात. वाहन किंवा घर यांच्या विम्यात करार बहुधा एक वर्षाचा असल्याने दर लहान असतो, पण नूतनीकरणाच्या वेळी तो पुन्हा मिळतो. उदाहरणापुरते धरू की जीवन विम्याच्या एका पॉलिसीचा वार्षिक हप्ता १०० आहे, पहिल्या वर्षी कमिशन ३० आणि नंतर दरवर्षी ५. महिन्याला चार पॉलिसी विकल्या, तर वर्षाच्या ४८ पॉलिसींवर १,४४० मिळतील. दुसऱ्या वर्षी त्यांतल्या सगळ्या टिकल्या तर २४०, आणि निम्म्या बंद पडल्या तर १२०. म्हणजे दुसऱ्या वर्षीही चूल पेटायची ती नव्या विक्रीवरच, आणि जुन्या पॉलिसींचा आधार किती, हे त्या टिकल्या किती यावर ठरणार. तुमच्या कंपनीचे खरे दर घेऊन हाच हिशेब पाच वर्षांपर्यंत करून पाहा.

म्हणून तुमचा पहिला प्रश्न पॉलिसी टिकण्याविषयी असावा. विमा व्यवसायात यासाठी ‘पर्सिस्टन्सी’ हा शब्द वापरतात आणि ती तेराव्या, पंचविसाव्या, सदतिसाव्या, एकोणपन्नासाव्या आणि एकसष्टाव्या महिन्याला मोजण्याची पद्धत आहे. तेराव्या महिन्याचा आकडा म्हणजे दुसऱ्या वर्षाचा हप्ता किती पॉलिसींवर भरला गेला, ते प्रमाण. ‘या शाखेची तेराव्या महिन्याची पर्सिस्टन्सी किती आहे?’ एवढे एक वाक्य विचारा आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे लक्ष द्या. जो व्यवस्थापक आकडा चटकन सांगतो आणि तो तसा का आहे हेही बोलतो, त्याच्या हाताखाली काम शिकायला मिळते. जो विषय बदलून परदेश सहलीच्या बक्षिसांकडे वळतो, त्याच्या शाखेत पॉलिसी भिडेवर विकल्या जात असाव्यात, असा माझा अनुभव आहे.

दुसरा प्रश्न कमिशन परत कापून घेण्याच्या अटीचा. काही कंपन्या ग्राहक पुढे हप्ते भरत राहील असे गृहीत धरून कमिशन सुरुवातीलाच एकरकमी देतात आणि ते ठरावीक मुदतीत ‘कमावले’ असे मानतात. ही मुदत ४८ महिन्यांची असेल आणि ग्राहकाने १२ महिन्यांनी हप्ते थांबवले, तर मिळालेल्या रकमेचा तीन-चतुर्थांश भाग तुमच्या पुढच्या कमिशनातून कापला जातो. माझ्यासोबत काम करणाऱ्या एका सज्जन माणसाने दुसऱ्या वर्षीच्या एका महिन्यात पाच पॉलिसी विकल्या आणि त्याच्या हाती काहीही आले नाही. मागच्या वर्षीची कपात सगळे खाऊन गेली. मुदत किती, कपात कशी होते, आणि काम सोडल्यानंतरही वसुली चालू राहते का, हे तिन्ही विचारा.

बाकीचे प्रश्न थोडक्यात सांगतो. ग्राहकांची नावे कंपनी पुरवते का, पुरवत असल्यास त्याचे पैसे कापते का, किंवा अशा विक्रीवर कमिशन कमी आहे का? परवान्याच्या परीक्षेचे शुल्क, प्रवास आणि फोन यांचा खर्च कोणाचा? काम सोडल्यावर आपण विकलेल्या पॉलिसींचे नूतनीकरण कमिशन मिळत राहते का, आणि त्यासाठी किती वर्षे काम केलेले असावे लागते? आणि सर्वांत महत्त्वाचे, गेल्या वर्षी याच सुमारास या शाखेने किती जणांना घेतले आणि त्यांतले आज किती काम करत आहेत? शक्य झाल्यास तीन वर्षे टिकलेल्या एखाद्या प्रतिनिधीशी व्यवस्थापकाच्या गैरहजेरीत बोलू द्यावे, अशी विनंती करा.

उद्धटपणाची भीती मनातून काढून टाका. ‘मी सोळा वर्षे हिशेबात काढली आहेत, आकडे समजल्याशिवाय मी कुठल्याच कागदावर सही करत नाही,’ असे शांतपणे सांगितले, की हेच प्रश्न तुमच्या गुणात जमा होतात. तुमची पाच महिन्यांची रिकामी जागाही जशी आहे तशी सांगा. विभाग बंद झाला, यात लपवण्याजोगे काही नाही. ‘विमाच का?’ असे विचारले, तर एखादे घर हप्ते, कर्ज आणि कमाई यांचा मेळ कसा घालते हे तुम्हाला कागदावर मांडता येते, हे सांगा. ते खरे आहे आणि या कामात त्याचा फार उपयोग होतो.

राहिले ते ‘मर्यादा नाही’ हे वाक्य. कमाईला वरची मर्यादा नाही, तशी खालचीही नाही. परीक्षा, परवाना, पहिली भेट, मग प्रस्ताव अर्ज, वैद्यकीय तपासणी, कंपनीची मंजुरी आणि त्यानंतर कमिशन वाटपाची तारीख, एवढ्या पायऱ्या उतरल्यावर पहिला पैसा हाती येतो. घरखर्चाची सहा ते नऊ महिन्यांची सोय हाताशी नसेल, तर हे काम आत्ता घेऊ नका, असेच मी माझ्या सख्ख्या भावालाही सांगितले असते. पोटाची निकड असलेला प्रतिनिधी समोरच्याची गरज पाहू शकत नाही. त्याला पहिल्या महिन्यापासून फक्त सही दिसत राहते.

प्रश्न : मी २६ वर्षांची आहे. विमा कंपनीच्या मुलाखतीत माझी निवड झाली. पहिले सहा महिने दरमहा ठरावीक रक्कम मिळेल आणि ती पुढे कमिशनातून ‘ॲडजस्ट’ होईल, असे सांगितले आहे. त्याआधी मी स्वतःच्या नावावर एक पॉलिसी घ्यावी, असा आग्रह आहे. ‘स्वतः घेतली नाही तर दुसऱ्याला कोणत्या तोंडाने सांगाल?’ असे ते म्हणतात. काय करावे? — एक वाचिका

उत्तर : दरमहा मिळणारी ती रक्कम पगार समजू नका. ‘ॲडजस्ट होईल’ या दोन शब्दांत तिचे स्वरूप आले आहे : ती उचल आहे. उचल दोन प्रकारची असते. एका प्रकारात कमिशन उचलीपेक्षा कमी पडले, तर उरलेली तूट कंपनी सोडून देते. दुसऱ्यात ती तुमच्या नावावर देणे म्हणून पुढे चालत राहते. समजा दरमहा ५० प्रमाणे सहा महिन्यांत ३०० उचलले आणि त्या काळात कमिशन १८० झाले, तर दुसऱ्या प्रकारात सातव्या महिन्याची सुरुवात १२० च्या कर्जाने होईल. तुमची उचल कोणत्या प्रकारची आहे आणि काम सोडल्यास तूट तुमच्याकडून वसूल होणार का, हे करारात लेखी असले पाहिजे. तोंडी आश्वासन देणारा व्यवस्थापक सहा महिन्यांनी त्या खुर्चीवर असेलच असे नाही. या क्षेत्रात बदल्या आणि राजीनामे फार होतात.

स्वतःच्या पॉलिसीबाबत माझे मत अगदी ठाम आहे. तुमच्या कमाईवर आई-वडील किंवा अन्य कोणी अवलंबून असेल, तर तुम्हाला विमा हवाच, आणि तो कुठल्या कंपनीचा, कोणत्या प्रकारचा, हे तुम्ही मोकळेपणाने ठरवावे. परंतु काम मिळण्याची अट म्हणून घ्यावी लागणारी पॉलिसी म्हणजे त्या महिन्याच्या टार्गेटमधला एक आकडा असते. अशा पॉलिसी बहुधा मोठ्या हप्त्याच्या आणि बचतीशी जोडलेल्या असतात, आणि उत्पन्न सुरू होण्याआधीच तुमच्या डोक्यावर दीर्घ मुदतीचा हप्ता येऊन बसतो. ‘कोणत्या तोंडाने सांगाल’ या बोलण्याला उत्तर आहे, आणि ते नम्रपणे देता येते : ‘ग्राहकाला त्याची गरज तपासल्याशिवाय पॉलिसी द्यायची नाही, असे मला शिकायचे आहे, तीच पद्धत मी स्वतःलाही लावते.’

ताबडतोब घेतली असेलच, तर नव्या पॉलिसीवर बहुतेक देशांत काही दिवसांची पाहणीची मुदत असते आणि त्या काळात ती परत करता येते. पॉलिसीच्या कागदांतच ती मुदत छापलेली असते, ती आजच पाहा. परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे भरायचे शुल्क रीतसर असते. पण ‘नोंदणी’, ‘अनामत’ किंवा ‘किट’ अशा नावांनी व्यवस्थापकाच्या हाती पैसे द्यायला सांगितले, तर तिथून उठून या.

प्रश्न : मी मितभाषी आहे. मागच्या मुलाखतीत ‘मी ग्राहक आहे, मला पॉलिसी विका’ असे सांगण्यात आले. मला काय बोलावे ते सुचेना, म्हणून मी त्यांना घरात कोण कोण आहे ते विचारत राहिले. ते म्हणाले, ‘तुम्ही फार हळू बोलता, हे काम तुमचे नव्हे.’ पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कंपनीत मुलाखत आहे. बोलघेवडेपणा नसलेल्या माणसाने हा नाद सोडावा का? — एक वाचिका

उत्तर : तुम्ही जे केले, ते मला पाहायला मिळाले असते तर मी तुम्हाला त्याच दिवशी घेतले असते. घरात कोण कोण आहे, हा विमाविक्रीतला पहिला आणि सर्वांत योग्य प्रश्न आहे. तुमच्याकडून राहिले असेल ते इतकेच, की विचारलेल्या प्रश्नांना एका धाग्यात ओवून तुम्ही शेवटी काही सुचवले नाही.

पुढच्या वेळी अशी रचना करून पाहा. ‘घरात कोण कोण आहे?’ ‘बायको आणि दोन मुलगे.’ ‘मुलगे केवढे आहेत?’ ‘एक आठवीत, एक तिसरीत.’ ‘म्हणजे धाकट्याचे शिक्षण संपायला साधारण बारा-चौदा वर्षे आहेत. या काळात तुमची कमाई अचानक थांबली, तर घर कशावर चालेल, याचा हिशेब कधी मांडला आहे का?’ इथे थांबा. समोरचा गप्प बसला तर बसू द्या. ही शांतता मोडायची घाई बोलक्या माणसाला आवरत नाही, तुम्हाला ती सहज जमेल. मग म्हणा, ‘वर्षाचा घरखर्च आणि बाकी असलेले कर्ज एवढे दोन आकडे सांगितलेत, तर मी तो हिशेब तुमच्यासमोरच करते.’ झाले. पॉलिसीचे नाव अजून एकदाही आलेले नाही, आणि तरीही तुम्ही विक्रीच्या अर्ध्या वाटेवर आला आहात. ‘विचार करून सांगतो’ असे उत्तर आले, तर ‘जरूर करा, नेमक्या कोणत्या गोष्टीचा विचार करायचा आहे ते सांगितलेत, तर तेवढे मी कागदावर लिहून देते’ असे म्हणावे आणि पुन्हा भेटायचा दिवस ठरवावा. ग्राहकाला कोंडीत पकडणारी पाठ केलेली वाक्ये शिकवणारे अनेक आहेत. त्या वाक्यांनी सही मिळते, आणि पुढच्या वर्षी हप्ता येत नाही.

हळू बोलणाऱ्या माणसाचा खरा कस लागतो तो प्रस्ताव अर्ज भरताना, आणि मुलाखतीत याविषयी हमखास प्रश्न येतो : ‘ग्राहक म्हणाला, मला मधुमेह आहे पण अर्जात लिहू नका, तर काय कराल?’ उत्तर एकच आहे, लिहीन. विम्याचा करार परस्परांच्या संपूर्ण विश्वासावर उभा असतो, कारण जोखीम ठरवण्यासाठी लागणारी माहिती बहुतांशी ग्राहकालाच ठाऊक असते. इंग्लंडमध्ये १७६६ साली ‘कार्टर विरुद्ध बोएम’ या खटल्यात लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी हे तत्त्व मांडले आणि आजही विमा कायदा शिकताना तिथूनच सुरुवात होते. प्रतिनिधीने घाईघाईत ‘नाही’ अशी खूण केलेला तो चौकोन काही वर्षांनी ग्राहकाच्या पत्नीसमोर येतो, दावा नाकारल्याच्या पत्रात. मी असे पत्र हातात धरून कार्यालयात आलेली एक बाई पाहिली आहे. ज्याने तो अर्ज भरला होता, तो प्रतिनिधी केव्हाच काम सोडून गेला होता, आणि तिच्याशी काय बोलावे हे आमच्यापैकी कोणालाच सुचत नव्हते. मुलाखतीत हा प्रश्न आला, तर तुमचे उत्तर हळू आवाजात द्या, पण ठाम द्या. ज्या व्यवस्थापकाला ते आवडणार नाही, त्याची पसंती तुमच्या उपयोगाची नाही.

प्रश्न : मुलाखतीत मला विचारले, ‘ग्राहक म्हणाला, तुमच्या कमिशनातले अर्धे मला द्या, तरच पॉलिसी घेतो; तुम्ही काय कराल?’ धंदा हातचा जाऊ नये म्हणून मी ‘देईन’ असे सांगितले. समोरच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि मुलाखत तिथेच संपली. माझे काय चुकले? शिवाय, कमिशनच बंद होणार आहे असे ऐकतो, मग या कामात शिरावे की नाही? — एक वाचक

उत्तर : ग्राहकाला कमिशनातला हिस्सा देऊन पॉलिसी विकणे अनेक देशांत कायद्याने मना आहे, आणि तुम्ही नकळत बेकायदा गोष्ट करण्याची तयारी दाखवलीत. सारखीच जोखीम असलेल्या दोन माणसांना सारखाच हप्ता पडावा, हा या बंदीमागचा विचार आहे. हिस्सा वाटण्याची प्रथा पडली, की भांडता येणाऱ्याला विमा स्वस्त आणि न भांडणाऱ्याला महाग पडतो. शिवाय पहिल्या वर्षाच्या कमिशनातला वाटा मिळतो म्हणून ग्राहक जुनी पॉलिसी मोडून नवी घेत राहतो आणि दर वेळी स्वतःचेच नुकसान करून घेतो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने १९०५ साली जीवन विमा कंपन्यांच्या कारभाराची आर्मस्ट्राँग समितीमार्फत चौकशी केली. चार्ल्स इव्हान्स ह्यूज हे तिचे वकील होते. नवा धंदा मिळवण्यासाठी कंपन्या करत असलेला वारेमाप खर्च त्या चौकशीत उघड झाला, आणि पुढच्याच वर्षी, १९०६ मध्ये, त्या खर्चावर कायद्याने मर्यादा आली. कमिशन किती असावे आणि त्याचे काय करता येते, यावरचे नियम असे ठेचा खाऊन तयार झालेले आहेत.

पुढच्या मुलाखतीत हा प्रश्न आला, तर सांगा : ‘कमिशनातला वाटा देणार नाही. पॉलिसी त्यांना परवडत नसेल तर विम्याची रक्कम किंवा प्रकार बदलून हप्ता बसतो का ते पाहीन, आणि ते तरीही वाट्यावरच अडून बसले तर ती विक्री सोडून देईन.’ ती सोडताना जीव तुटतो, विशेषतः महिनाअखेरीला. मी स्वतः अशा दोन-तीन विक्री सोडल्या आहेत आणि त्या महिन्यांची ओढाताण मला अजून आठवते.

कमिशन बंद होण्याविषयी तुम्ही ऐकलेले अगदीच निराधार नाही, पण ते अर्धवट आहे. नेदरलँड्सने १ जानेवारी २०१३ पासून जीवन विमा आणि गृहकर्ज यांसारख्या गुंतागुंतीच्या आर्थिक योजनांवर कंपनीने सल्लागाराला कमिशन देणे बंद केले. तिथे सल्ल्याचे पैसे ग्राहक स्वतः वेगळे देतो. ब्रिटनने २०१२ च्या अखेरीस गुंतवणुकीच्या सल्ल्यावरील कमिशन थांबवले, मात्र मृत्यू किंवा आजारपणाच्या निव्वळ संरक्षणाचा विमा त्यातून वगळला. इतर अनेक ठिकाणी कमिशन चालूच आहे, दर आणि अटी मात्र अधूनमधून बदलतात. तुम्ही ज्या कंपनीत जाल, तिथे एवढे विचारून घ्या की, नियम बदलून कमिशनाचे दर कमी झाले, तर आधी विकलेल्या पॉलिसींचे नूतनीकरण कमिशन जुन्या दराने मिळत राहील की नव्या. उत्तर करारातल्या कोणत्या कलमात आहे ते दाखवायला सांगा, त्या पानाची प्रत मागून घ्या, आणि सही दुसऱ्या दिवशी करा.